तळघराचे सांडपाणी : पंपाआधी हिशेब मांडा

घर बांधावयास काढले की आपले व्यापारी बांधव फरशी, दरवाजे, जाळ्या आणि रंग यांवर महिनोन्‌महिने चर्चा करतात. मार्बल पाहण्यासाठी थेट किशनगड गाठणारेही आहेत. परंतु घरातले सांडपाणी कोठून कोठे जाईल हा मसला मात्र "प्लंबर बघून घेईल" एवढ्यावर सोडून दिला जातो. वरच्या मजल्यांपुरते हे एक वेळ चालते, कारण पाणी आपल्या वजनाने खाली उतरते. तळघराचे तसे नाही. तेथे पाणी वर चढवावे लागते, आणि वर चढवण्याच्या कामात "बघून घेऊ" चालत नाही.

दापोडीत हा विषय आज निकडीचा झाला आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी दापोडीचे मेट्रो स्टेशन सुरू झाले. जागेला भाव आला. लहान प्लॉटवर जुने बैठे घर पाडून खाली पार्किंग व गोदाम, त्यावर दुकान आणि त्यावर राहते घर असा आराखडा अनेकांच्या मनात असतो. जागा रुंदीत वाढत नाही म्हणून माणूस जमिनीखाली उतरतो. त्यात गैर काही नाही. परंतु आपण कोणत्या जमिनीत उतरत आहोत याचे भान ठेवले पाहिजे.

नदीचा शेजार

मुळा आणि पवना यांचा संगम दापोडीजवळच होतो. बोपोडीहून हॅरिस पूल ओलांडून आलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा २५ जुलै २०२४ रोजी या नद्या फुगल्या आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्याच २५ जुलैला पुण्यात डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत पाण्यात विजेचा धक्का बसून तीन तरुण मरण पावले. दोनच दिवसांनी, २७ जुलै रोजी, दिल्लीच्या जुन्या राजिंदरनगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या तळघरात पावसाचे पाणी घुसले आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. तळघर, पाणी आणि वीज या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते, ते या एका आठवड्याने दाखवून दिले आहे.

पाटबंधारे खाते नदीकाठी दोन पूररेषा आखते. सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही. निळ्या व लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवावे असा राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीचा दंडक आहे. जेथे जोते वर उचलायला सांगितले आहे तेथे आपण खाली खोदू पाहत असू, तर आधी थांबून विचार करावा. प्लॉट कोणत्या रेषेत येतो ते महापालिकेत जाऊन नकाशावर पाहून घ्यावे. शेजाऱ्याच्या किंवा दलालाच्या तोंडी शब्दावर विसंबू नये.

म्हणून आमचे पहिले मत स्पष्ट आहे. तळघरात शौचालय, नहाणी वा वुजूची जागा न काढता भागत असेल तर ती काढूच नये. तळघर राहण्यासाठी मंजूर होत नाही. ते गाड्या आणि माल ठेवण्यासाठी असते. गाडी आणि माल यांना नहाणी लागत नाही. गोदामात काम करणाऱ्या माणसांसाठी तळमजल्यावर जिन्याखाली शौचालय काढले तर पंप, खड्डा, वीज आणि काळजी हे सारेच वाचते. नाइलाज असेल, तरच पुढचा हिशेब मांडावा.

रस्त्यावरचे झाकण ही खरी पातळी

पुष्कळ जण म्हणतात, "रस्त्यातली ड्रेनेज लाइन खोल आहे, ढाळ मिळतो, मग पंप कशाला?" हा युक्तिवाद कोरड्या दिवसांपुरता खरा आहे. पावसाळ्यात लाइन तुंबली म्हणजे तिच्यातील मैला चेंबरमध्ये चढत जातो आणि रस्त्यावरच्या झाकणापर्यंत येतो. तुमच्या तळघराची जाळी त्या झाकणाच्या खाली असेल, तर साऱ्या गल्लीचा मैला झाकण उचलण्यापूर्वी तुमच्या जाळीतून वर येईल. पाणी पातळी शोधते. ते मालकाचे नाव विचारत नाही.

यावरून एक साधा नियम निघतो. रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणापेक्षा खाली असलेली प्रत्येक जाळी, प्रत्येक बेसिन आणि प्रत्येक शौचालय पंपावरच घ्यावे. पंपाचा पाइप आधी रस्त्याच्या पातळीच्या वर न्यावा, तेथे त्याला वळसा द्यावा आणि मग खाली उतरवून लाइनला जोडावा. युरोपात घरगुती सांडपाणी उपसण्याची व्यवस्था याच तत्त्वावर बसवतात. हा वळसा म्हणजे दोन-चार फूट जादा पाइप. परंतु व्हॉल्व्ह अडकला तरी रस्त्याचा मैला तो वळसा चढून आत येऊ शकत नाही. पुराचे पाणी चढणारी गल्ली असेल तर वळसा पुराच्या खुणेच्याही वर न्यावा.

याच्याच जोडीचा दुसरा नियम असा की, वरच्या मजल्यांचे सांडपाणी तळघराच्या खड्ड्यात कधीही आणू नये. ते स्वतःच्या ढाळाने सरळ बाहेर जाऊ द्यावे. नाहीतर लाइट गेली की साऱ्या घराचे शौचालय बंद, आणि वरच्यांनी पाणी टाकले की तळघर भरले.

खड्डा केवढा?

आपल्याकडे समज असा की, टाकी मोठी म्हणजे सोय मोठी. पिण्याच्या पाण्याच्या संपला हे लागू आहे. मैल्याच्या खड्ड्याला नाही. मैला साचून राहिला की कुजतो आणि त्यातून विषारी वायू निघतो. म्हणून खड्डा बेताचाच हवा.

उदाहरण घेऊ. तळघरात दिवसा आठ माणसे काम करतात. कामाच्या जागी माणशी रोज ४५ लिटर पाणी हे भारतीय मानकाने धरलेले प्रमाण आहे. म्हणजे दिवसाला ३६० लिटर. खड्डा आतून ३ फूट बाय ३ फूट घेतला तर ६ इंच पाणी चढले की सुमारे १२७ लिटर होतात. फ्लोट स्विच या ६ इंचांच्या अंतरावर लावला तर पंप दिवसातून साधारण तीन वेळा चालेल. त्याच्या वर ९ इंच मोकळे ठेवले तर आणखी १९० लिटर मावतात, म्हणजे अर्धा दिवस लाइट नसली तरी निभते. पंप बुडून राहण्यासाठी तळाशी फूटभर आणि येणाऱ्या पाइपासाठी वर थोडी जागा धरली की खड्डा चार फूट खोल होतो. याउलट कोणी पाच हजार लिटरची टाकी बांधून दिली, तर ती भरायलाच जवळजवळ दोन आठवडे लागतील आणि तोवर घराला दुर्गंधीचा वेढा पडेल.

नदीकाठच्या जमिनीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते. प्लास्टिकची तयार टाकी खड्ड्यात नुसती ठेवली आणि भोवती माती टाकली, तर रिकामी असताना ती होडीसारखी वर उचलली जाते. ३ बाय ३ बाय ४ फुटांच्या टाकीला पाण्याचा उचल सुमारे एक टन असतो. म्हणून तिला खाली व भोवती काँक्रीटने जखडावे. पिण्याच्या पाण्याचा संप या खड्ड्यापासून शक्य तितका दूर आणि त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर असावा. तहारतीची फिकीर असणाऱ्या घरात नजिस पाणी आणि वुजूचे पाणी यांच्यामध्ये केवळ एक विटेची भिंत असावी, हे आम्हांला पटत नाही.

पंप कोणता?

बाजारात गेले की पहिला प्रश्न येतो, "किती एचपी?" आमच्या मते हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा असावा की, किती उंचीवर मिनिटाला किती लिटर?

तळघराची फरशी रस्त्याखाली १० फूट, खड्ड्यातले पाणी त्याखाली ४ फूट, वळसा रस्त्यावर २ फूट; एकूण १६ फूट, म्हणजे जवळजवळ ५ मीटर. बेंड, व्हॉल्व्ह आणि पाइपाचे घर्षण यांचे दोन मीटर धरा. एकूण ७ मीटर झाले. आता पंपाच्या पाटीवर "मॅक्सिमम हेड ७ मीटर" असे लिहिलेले असेल, तर तो पंप तुमच्या कामाचा नाही. पाटीवरचे कमाल हेड म्हणजे ज्या उंचीवर पाणी बाहेर पडणे बंद होते ती उंची. ७ मीटरवर मिनिटाला १०० लिटर देणारा पंप मागावा आणि दुकानदाराकडून कंपनीचा तक्ता पाहून खात्री करावी. एवढ्या कामाला अर्धा ते एक एचपी पुरतो. तीन एचपीचा पंप गळ्यात मारणारा दुकानदार तुमचे भले करीत नाही; लहान खड्ड्यात मोठा पंप क्षणात चालू, क्षणात बंद होत राहतो आणि त्यातच त्याची मोटार जळते.

पाइपाचेही असेच आहे. मैला वाहून नेण्यासाठी पाण्याला सेकंदाला सुमारे ०.७ मीटर वेग लागतो. २ इंची पाइपात त्यासाठी मिनिटाला किमान ८० लिटर पाहिजेत, ३ इंची पाइपात २०० लिटरच्या वर. पंप लहान आणि पाइप मोठा झाला तर गाळ पाइपातच बसतो. मात्र पंप जेवढा गठ्ठा गिळू शकतो त्यापेक्षा पाइप अरुंद असूनही चालत नाही. पंप आणि पाइप यांची जोडी एकत्रच ठरवावी.

प्रकारांविषयी थोडक्यात सांगतो. बोअरचा किंवा विहिरीचा सबमर्सिबल हा स्वच्छ पाण्यासाठी असतो. बोअरच्या पंपाचे मानक आयएस ८०३४. मैल्याच्या पंपाचे मानक आयएस ५६००. ज्याला आपण मडपंप म्हणतो तो पाझराचे आणि पावसाचे गढूळ पाणी काढतो. शौचालयाच्या खड्ड्यात तो टिकत नाही. मैल्यासाठी दोन जाती आहेत. एक कापणारा, ज्याला कटर पंप म्हणतात. दुसरा भोवरा निर्माण करणारा, ज्याचा पंखा मागे आत बसवलेला असतो आणि गठ्ठा पंख्याला फारसा न लागता निघून जातो. परदेशात कागद वापरतात, म्हणून तेथे कटरचे महत्त्व. आपल्याकडे पाण्याने स्वच्छता होते. आपला शत्रू दुसराच आहे.

तो शत्रू म्हणजे चिंधी आणि धागा. कापडाच्या व्यापारात असल्यामुळे हे आम्ही खात्रीने सांगतो. सुताचा धागा एक वेळ कुजेल, पॉलिस्टरचा कुजत नाही आणि तुटतही नाही. तो पंख्याच्या दांड्याला गुंडाळत जातो आणि बॉबिन भरावी तसा भरतो. शिलाईकाम, रफू, झरीकाम यांचा माल ज्या घरात आहे, तेथे भोवऱ्याचा पंप घ्यावा आणि नहाणीच्या जाळीखाली दुसरी बारीक जाळी बसवावी. गुटख्याच्या पुड्या, सॅनिटरी पॅड आणि केस यांनाही हेच लागू आहे. बकरी ईदच्या दिवसांत तर विशेष दक्षता हवी. कुर्बानीचे रक्त, चरबी आणि आतडी तळघराच्या जाळीत धुऊन लावली तर चरबी थंड होऊन पाइपात मेणासारखी बसते. ते सारे महापालिकेने नेमून दिलेल्या व्यवस्थेतच गेले पाहिजे.

पावसाचे आणि पाझराचे पाणी वेगळ्या खड्ड्यात घ्यावे. ३०० चौरस फुटांच्या उतारावर तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर मिनिटाला सुमारे ४६ लिटर पाणी खाली येते. ते मैल्याच्या खड्ड्यात सोडले तर कोणताही हिशेब टिकणार नाही. उताराच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा उंच उंबरठा करावा, म्हणजे गल्लीचे पाणी आत वळणार नाही.

ज्याची किंमत पावतीत दिसत नाही

पंपाच्या किमतीवर घासाघीस करणारे लोक व्हॉल्व्हवर पैसे वाचवतात, हे उलटे आहे. पंपाच्या पुढे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, त्याच्या पुढे गेट व्हॉल्व्ह, आणि दोन्ही खड्ड्याच्या बाहेर हाताला येतील असे. व्हॉल्व्हच्या आधी पाइपाला चार-पाच मिलिमीटरचे बारीक छिद्र, म्हणजे हवा अडकून पंप रिकामा फिरणार नाही. खड्ड्याला रबर बसवलेले घट्ट झाकण आणि व्हेंट पाइप थेट गच्चीच्या वर. पाणी ठरल्यापेक्षा वर चढले की घंटा वाजवणारा दुसरा फ्लोट, आणि ती घंटा बॅटरीवर. कारण लाइट गेल्यावरच तिची गरज पडते. पंपाला स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळती स्विच. स्विचबोर्ड तळघरात नको, तळमजल्यावर हवा. इन्व्हर्टरवर पंप चालवायचा असेल तर सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते हे धरून इन्व्हर्टर घ्यावा. आणि शक्य असल्यास पंप दोन. आलटून पालटून चालणारे. दुसऱ्या पंपाची किंमत जास्त वाटत असेल तर गोदामात खालच्या फळीवर असलेल्या मालाची किंमत कागदावर लिहून दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. खालची फळी तरीही फरशीपासून फूटभर वरच असावी.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. पंप अडकला की "एखादा मुलगा खाली उतरव" हा आपल्याकडचा रिवाज आहे. तो बंद झाला पाहिजे. खड्ड्यातला वायू दोन-चार श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो, आणि त्याला काढण्यासाठी उतरणारा दुसराही तेथेच पडतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांविना माणसाला गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरवण्यास मनाई केली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. दापोडीला तर जमिनीखालच्या कामाची किंमत ठाऊक आहे. १ डिसेंबर २०१९ रोजी येथेच ड्रेनेजसाठी खणलेल्या खड्ड्यात माती ढासळली. एक मजूर गेला आणि त्याला वाचवायला आलेला अग्निशमन दलाचा जवानही गेला. म्हणून पंप साखळीला बांधून गाइड पाइपावरच बसवावा, म्हणजे वरून ओढून बाहेर काढता येतो आणि कोणाला खाली उतरावे लागत नाही. जो ठेकेदार अशी बसवणी करीत नाही, त्याला काम देऊ नये. काही रुपयांच्या साखळीपायी कोणाच्या घरी जनाजा जावा, ही कमाई कोणत्या हिशेबात बसते?

शेजाऱ्याचा हक्कही विसरू नये. पंपाचा पाइप गुपचूप पावसाळी गटारात किंवा नाल्यात सोडणारे आहेत. तो मैला पुढे नदीत जातो आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या दारात येतो. जोडणी महापालिकेच्या जलनिःसारण विभागाची रीतसर परवानगी घेऊनच करावी. वेळ लागतो, हेलपाटे पडतात, हे मान्य. पण पडोसी आपल्या त्रासापासून सुरक्षित नसेल तर आपल्या नव्या घराच्या भिंतीवर लावलेल्या आयतीचा तुगरा काय कामाचा?

कारागिरांसाठी दोन शब्द

या विषयाला रोजगाराची बाजूही आहे. पिंपरीत केएसबीचा पंपांचा कारखाना साठच्या दशकापासून आहे. किर्लोस्करांचे नाव तर पंपाशी जोडलेलेच आहे. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा असलेल्या दापोडीत यंत्र ओळखणाऱ्या हातांची वाण नाही. आपल्यातही प्लंबर, वायरमन, वेल्डर पुष्कळ आहेत. उणीव आहे ती मोजमापाची. हेड काढणे, तक्ता वाचणे, दर पत्रकात प्रत्येक व्हॉल्व्ह वेगळा लिहिणे हे जो शिकेल त्याला काम शोधत फिरावे लागणार नाही. अल-जज़री या कारागिराने १२०६ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात दोन सिलिंडरच्या पंपाची रचना मापांसह आणि चित्रांसह लिहून ठेवली. त्याचा अभिमान भाषणात सांगणे सोपे आहे. आपल्या मुलाला औंधच्या किंवा मोरवाडीच्या आयटीआयत घालणे हा त्याचा खरा मान होय.

बयाणा देण्यापूर्वी

शेवटी घर बांधणाऱ्या बांधवांना आमची विनंती आहे. बयाणा देण्यापूर्वी ठेकेदाराकडून पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात.

१. रस्त्यावरच्या चेंबरचे झाकण, तळघराची फरशी आणि लाइनचा तळ यांची मोजलेली पातळी.

२. एकूण हेड आणि त्या हेडवर पंप मिनिटाला किती लिटर देतो त्याचा तक्ता.

३. पाइपाचा व्यास, वळशाची उंची आणि व्हॉल्व्हची जागा.

४. खड्ड्याचे माप आणि पंप चालू व बंद होण्याची पातळी.

५. माणूस न उतरवता पंप काढण्याची सोय, घंटा, अर्थिंग आणि गळती स्विच.

६. काम पूर्ण झाल्यावर खड्डा पाण्याने भरून, पंप चालवून आणि मग लाइट बंद करून समोर चाचणी. ती झाल्यावरच शेवटचा हप्ता.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा हा हुकूम कुरआनच्या सर्वांत दीर्घ आयतीत आहे. आपण तो दुकानाच्या वहीत पाळतो. घराच्या बांधकामात मात्र संबंध बिघडतील म्हणून लिहिण्यास संकोचतो. प्रत्यक्षात संबंध बिघडतात ते न लिहिल्याने. ज्या बांधवांचे पाये सध्या खोदले जात आहेत, त्यांनी या पावसाळ्याआधीच आर्किटेक्टला बोलावून झाकणाची पातळी मोजून घ्यावी. स्लॅब पडल्यावर ही माहिती उपयोगाची राहत नाही.